तारे बघू नका, नकाशा बघा

अमेरिकेत कॅम्पिंगला आता गाइडबुकची गरज नाही, ॲपवर लोकांनी दिलेले तारे (रेटिंग) बघितले की झालं, असं कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटत. तारे देणारा डिसेंबरात गेला होता की जुलैत, तंबू घेऊन की आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी), हे कळल्याशिवाय त्या ताऱ्यांचं करायचं काय?

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या वाळवंटी नॅशनल पार्कचंच घ्या. फर्नेस क्रीकचं कॅम्पग्राउंड समुद्रसपाटीच्या 196 फूट खाली, तर त्याच पार्कातलं मेहॉगनी फ्लॅट 8,200 फुटांवर! पहिलं डिसेंबरात झकास, पण जूनमध्ये तिथे तंबू म्हणजे भट्टी. दुसरं उन्हाळ्यात मस्त, पण तिथे पाणी मिळत नाही, सगळं सोबत न्यायचं. शिवाय शेवटचा रस्ता इतका खडबडीत की साध्या सेडान गाडीचं काम नाही.

म्हणून आधी पुस्तकातून दोन-तीन नावं काढायची, मग नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर हंगाम, पाणी, रस्ता तपासायचा. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर असेल तर तिथला नकाशा उघडून नेमकी जागा निवडा. संडासाला खेटून असलेली नको, रात्रभर दार आपटत असतं. (लहान मुलं असतील तर मात्र तीच घ्या.) रिव्ह्यू सगळ्यात शेवटी, तेही ताजेच, नळ बंद आहे का, डास किती, एवढ्यापुरते. आणि फुल्ल दिसलं तरी अलर्ट लावून ठेवा, ऐनवेळी बुकिंग रद्द करणारे असतातच.