गणपत गल्लीतली ती शांतता कोण लिहिणार?

रोजच्या विनोदी मालिका आता एआयच लिहील, लेखक लागणारच नाहीत, हे मत मला अजिबात पटत नाही.

आमच्या बेळगावातलंच बघा. गणपत गल्लीत लग्नाच्या साड्या घ्यायला एक घर आलंय. दुकानदार त्यांच्याशी गोड मराठीत बोलतो आणि पोऱ्याला कन्नडमध्ये सांगतो, 'भाव चढवूनच सांग.' घरातल्या आजीला कन्नड चांगलं कळतं, पण ती गप्प बसते. ढीगभर साड्या उलगडून होतात, चहा येतो, आणि भाव ठरायच्या वेळी आजी अस्सल कन्नडमध्ये घासाघीस सुरू करते. सगळी गंमत आजीच्या गप्प बसण्यात आहे. ती शांतता किती ताणायची, हे सीमाभागात वाढलेल्या लेखकाला अचूक कळतं. एआय आजीला पहिल्याच वाक्याला बोलायला लावेल!

ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर २०२२ च्या डिसेंबरात एआयच्या संवादांवर अखंड चालणारी एक मालिका सुरू झाली होती. कुतूहल म्हणून लोकांनी पाहिली. फेब्रुवारीत त्यातल्या पात्राने तृतीयपंथीयांबद्दल घाणेरडी शेरेबाजी केली आणि प्रक्षेपण १४ दिवस बंद पडलं. कुणाला काय लागेल, हे यंत्राला उमगत नाही.

धास्ती मला वेगळीच आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या लेखकांनी १४८ दिवस संप करून एआय वापरण्याची सक्ती लेखकावर होणार नाही, हे करारात घालून घेतलं. पण बेळगावातून एकांकिका करून मुंबईला जाणारी पोरं सुरुवातीला किरकोळ पंच, म्हणजे हशा पिकवणाऱ्या ओळी, लिहूनच पोट भरतात. निर्माते आधी तेच काम यंत्राला देतील.