मदत हवी आहे: पेठकडच्या बचत गटाच्या शिलाई मशिनी गोणपाटाखाली पडून आहेत

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला सातपूरला नोकरी करते, माहेर पेठ तालुक्यात, करंजाळीच्या पुढे आत. माझी वहिनी गावातल्या बचत गटाची अध्यक्ष आहे. गटात तेरा बायका. दीड वर्षापूर्वी एका संस्थेने गावात येऊन महिनाभर शिवणाचं प्रशिक्षण दिलं. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं, नारळ, फोटो आणि चार मशिनी. परकर, पिशव्या, झबली असं बरंच काही बायकांनी त्या महिन्यात शिवलं होतं, मी स्वतः पाहिलंय.

आज त्या चारही मशिनी समाजमंदिराच्या खोलीत गोणपाटाखाली आहेत. मागच्या रविवारी गेले तर एकीवर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पोतं ठेवलेलं.

संस्थेच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, बायकांना इंटरेस्टच नाही." हे मला काही पटत नाही. पहाटे चारला उठून भाकरी थापून, सहाला पिकअपमध्ये उभ्याने दिंडोरीकडच्या द्राक्षमळ्यात जाणाऱ्या बाया आहेत या. बायकांना विचारलं तर "वेळ नाही", "अंग दुखतं", "जमत नाही आता" अशी गोल उत्तरं मिळतात.

तर विचारायचं असं, की शिवण सोडून दुसरं काही सुरू करावं का? नागलीचे पापड वगैरे? गावात एक जण नवीन मशीन फुकट मिळवून देतो म्हणून फॉर्मचे तीनतीनशे रुपये गोळा करतोय, ती योजना खरी आहे का? आणि वहिनीचं एक खासगी: तिची शाळा सातवीनंतर सुटली, तिला दहावी करायचीय. वय 43. कुठून सुरुवात करावी?

– गोदाकाठची

प्रतिसाद: हिशोबी

आधी ते तीनशे रुपये थांबवा! 'प्रधानमंत्री मोफत शिलाई मशीन' नावाचे जे मेसेज फिरतात ते खोटे असल्याचं केंद्र सरकारच्या माहिती देणाऱ्या पीआयबीने जाहीर केलेलं आहे. खरी योजना आहे ती पीएम विश्वकर्मा, सप्टेंबर 2023 पासूनची. तिच्या 18 व्यवसायांत शिंपीकाम येतं, प्रशिक्षणाबरोबर 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर मिळतं, पण कुटुंबातल्या एकालाच. आणि तुमच्याकडे चार मशिनी पडून असताना पाचवी कशाला हवी?

दुसरं, शिवून विकायचं कुणाला, हे ठरलं होतं का? गावात परकराला गिऱ्हाईक किती असणार. शाळेच्या गणवेशाचं बघा. 2024-25 ला सरकारने माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) बचत गटांकडून गणवेश शिवून घेतले होते, नंतर ते काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. म्हणजे आता तुमच्या शाळेच्या समितीशी सरळ बोलता येईल. शाळा जूनच्या मध्यात उघडते, द्राक्षाची काढणी एप्रिलपर्यंत आटोपते आणि भातलावणी पावसावर. मधले सहा-सात आठवडे बायका गावातच असतात. दिवाळीनंतर प्रशिक्षण ठेवणाऱ्यांना हे कळत नाही, कारण ते मार्चअखेरच्या हिशोबाने येतात.

प्रतिसाद: सिन्नरकर

पापड नको. आमच्या गटाचे अजून माळ्यावर आहेत. :)

प्रतिसाद: निवृत्त सिस्टर

बायकांची वयं काय? तुम्ही फक्त वहिनीचं लिहिलंय.

विचारण्याचं कारण सांगते. सुरगाण्याकडच्या उपकेंद्रात मी बरीच वर्षं काढली. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं हे शहरात सगळ्यांना माहीत असतं, कारण पेपर वाचता येत नाही. ज्या बाईला वाचायचंच नसतं तिला ते कळतही नाही. द्राक्षाचा घड हाताच्या अंतरावर असतो, तिथे अडत नाही. अडतं ते सुईला. एकदा त्यांना तांदूळ निवडायला द्या आणि ताट किती लांब धरतात ते बघा.

आसामच्या चहामळ्यात चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना जवळचे चष्मे देऊन पाहिलं होतं. 2018 साली तो अभ्यास छापून आला. पानं खुडण्याचं काम जवळपास 22 टक्क्यांनी वाढलं. साधा चष्मा हो, बाकी काही नाही. पण थेट बाजारातून आणू नका, आधी पेठच्या ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असला तर तोही कळेल.

"अंग दुखतं" हे मात्र वेगळं. आशाताईला सांगून हिमोग्लोबिन बघा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, त्याला घाबरून बायका गोळ्या टाकून देतात. आधीच सांगून ठेवा. आणि गोळीवर चहा नको, लिंबूपाणी चालेल.

प्रतिसाद: आडगाव नाका

दहावीसाठी 17 नंबरचा फॉर्म, बाहेरून बसता येतं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो हरवला असेल तर शाळेतून दुसरी प्रत काढा आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. माझ्या मावशीने असंच केलं. गणिताला घाबरत होती, त्यातच जास्त मार्क पडले.

गोदाकाठची (परत आले)

सिस्टर, तुम्हाला नमस्कार. काल गावी जाऊन आले.

तेरापैकी नऊ जणी चाळिशीच्या पुढच्या. तांदूळ नाही दिले, सरळ सुईच दिली. वहिनीने सुई लांब धरली, डोळे बारीक केले, धाग्याचं टोक ओठांत ओलं केलं. तीनदा धागा सुईच्या शेजारून गेला. मग तिने सवयीने लेकीला हाक मारली. मी म्हटलं, प्रशिक्षणात कोण ओवून द्यायचं? म्हणाली, "त्या शिकवणाऱ्या पोरीच ओवून ठेवायच्या की सकाळी. धागा तुटला की त्यांनाच हाक मारायची." संस्था गेली आणि ओवणाऱ्या पोरी गेल्या, एवढंच झालं होतं. दीड वर्षात हे कुणी बोललं नाही, कारण नजर गेली म्हटलं की बाई म्हातारी झाली.

माझा जवळचा चष्मा, दीड नंबरचा, तिच्या नाकावर ठेवला. पहिल्या झटक्यात धागा ओवला. मग गंमत झाली. तिने आपलीच जुनी पिशवी काढून टीप बघितली आणि म्हणाली, "ताई, हे मी शिवलं? वाकडंय की सगळं!" बाकीच्या हसायला लागल्या आणि मग चष्म्यासाठी रांगच लागली. दोघींना माझ्या चष्म्याने काहीच फरक पडला नाही, त्यांना तपासणीला न्यावंच लागेल. नागलीचं पोतं तेवढं हललं.

हिशोबी, शाळेच्या सरांशी बोलले. समितीच्या बैठकीत विषय घेतो म्हणाले, पण आधी एक नमुना गणवेश दाखवा असंही म्हणाले. टीप मारायला बायका तयार आहेत, अडतं कटिंगला. छातीचं माप भागिले चार, अधिक शिलाईची जागा, त्यात पाव इंच आला की सगळ्या वहिनीकडे बघतात आणि वहिनी माझ्याकडे. पुठ्ठ्याचे मापवार खाके करून ठेवले तर चालेल का? कुणी शिंपीकाम करणारं असेल तर सांगा. तिची दहावी होईस्तोवर तरी तेच करू म्हणते. तिच्या शाळेचा दाखला सापडलाय, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत.

आता अडचण एकच. रुग्णालयात तपासणी सकाळची आणि सकाळी बाया मळ्यात. एसटीचं तिकीट अर्धं आहे हे खरं, पण दिवसाची मजुरी बुडते, नऊ जणींची. संध्याकाळी सातनंतर गावात येऊन डोळे तपासणारं कुणी नाशिकमध्ये माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जेवण आमच्याकडे, नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं.