मदत हवी आहे: 'असिस्ट'च्या पुढे 'टू' लागतो की नाही?

चातक: इंग्रजी अर्जात 'असिस्ट' वापरलंय. स्पेलचेक लाल रेघ मारतोय. 'टू' काढून पाहिला, परत घालून पाहिला, रेघ जात नाही. आजच पाठवायचाय, पटकन सांगा.

रानवारा: पूर्ण वाक्य द्या. पुढे नाम आहे की क्रियापद? रेघ नेमकी कोणत्या शब्दाखाली?

शुद्धमती: तोवर नियम घ्या. पुढे नाम असेल तर सहसा 'विथ': 'असिस्ट यू विथ द फॉर्म'. क्रिया असेल तर 'इन' आणि क्रियापदाला आयएनजी: 'असिस्ट यू इन फिलिंग द फॉर्म'. 'असिस्ट यू टू फिल' कुठे कुठे दिसतं, पण औपचारिक लेखनात टाळावं. आणि नुसता 'टू' गाळून 'असिस्ट यू फिल' तर चूकच. ती सवलत फक्त 'हेल्प'ला.

साधासोपा: म्हणूनच 'हेल्प' लिहा आणि मोकळे व्हा. 'टू' ठेवा नाहीतर गाळा, दोन्ही चालतं.

शुद्धमती: सगळीकडे नाही. कर्मणी प्रयोगात 'टू' ठेवावाच लागतो: 'शी वॉज हेल्प्ड टू स्टँड'. शिवाय 'कान्ट हेल्प लाफिंग'मध्ये मदतीचा संबंधच नाही, तिथे अर्थ 'हसू आवरत नाही'. त्यात 'बट' आला की आयएनजी जातं: 'कान्ट हेल्प बट लाफ'.

साधासोपा: अर्जात हसू कोण आवरतंय? मूळ प्रश्नावर या.



अक्षरओळख: 'एड'चंही बघून घ्या. शेवटी 'ई' असेल तर तो माणूस, म्हणजे सहायक. 'ई' नसेल तर मदत किंवा साधन: फर्स्ट एड, हिअरिंग एड. दोन्ही स्पेलिंगं कोशात आहेत, त्यामुळे अदलाबदल झाली तरी स्पेलचेक बहुधा गप्प बसतो.

रानवारा: चातक, वाक्य?

चातक: 'आय विल असिस्ट द टीम टू प्रिपेअर रिपोर्ट्स अँड प्रोव्हाइड असिस्टन्सेस.' रेघ शेवटच्या शब्दाखाली आहे.

शुद्धमती: मग 'टू'ला कितीही हलवलंत तरी ती कशी जाणार! 'असिस्टन्स' अगणनीय नाम आहे. त्याचं अनेकवचन करत नाहीत, आधी 'ॲन'ही लावत नाहीत. 'हेल्प'चंही तसंच, फक्त 'अ ग्रेट हेल्प' चालतं. पण इथे तो शेपटाचा भागच उडवा. 'असिस्ट' एकदा आलं की 'असिस्टन्स' पुन्हा कशाला? 'आय विल असिस्ट द टीम इन प्रिपेअरिंग रिपोर्ट्स.' संपलं.

साधासोपा: 'आय विल हेल्प द टीम प्रिपेअर रिपोर्ट्स.' हे जास्त सुटसुटीत आहे. शिवाय 'असिस्ट'मध्ये मुख्य काम दुसऱ्याचं आणि तुम्ही हाताखाली, अशी छटा येते.

शुद्धमती: जागा सहायकाची असेल तर तीच छटा हवी.

चातक: सहायकाचीच आहे. 'इन'वालं घेतलं, रेघ गेली. आता 'रिपोर्ट्स'च्या आधी 'द' लावू का?

रानवारा: कोणते रिपोर्ट? ठरावीक आणि आधी उल्लेख झालेले असतील तर लावा, नाहीतर नको.