सहकारी बँकेला सायबर सिक्युरिटीची माणसं आणायची कुठून?

कृष्णाकाठ_आयटी
नमस्कार मंडळी, मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नागरी सहकारी बँकेत आयटी बघतो. सिक्युरिटीसाठी जाहिरात दिली की अर्ज येतात, पण ज्याला फायरवॉलचे लॉग, म्हणजे नेटवर्कमधे कोण आलं-गेलं त्याच्या नोंदी, वाचता येतात असा माणूस येत नाही आणि आला तर थोडं शिकून पुण्याला जातो. नागरी बँकांच्या सायबर सुरक्षेबद्दल आरबीआयचं डिसेंबर २०१९ चं सर्क्युलर आहे, सर्ट-इनचा (सायबर हल्ले बघणारी केंद्र सरकारची संस्था) २०२२ पासूनचा हल्ला झाला की सहा तासांत रिपोर्ट करायचा नियम आहे, हे सगळं करणार कोण? छोट्या गावातल्या बँकांनी काय केलंय ते सांगा.

एसओसी_हिंजवडी
दादा, पहिलं म्हणजे स्वतःचा एसओसी, म्हणजे चोवीस तास सिस्टीमवर नजर ठेवणारी सिक्युरिटीची टीम, उभा करायच्या मागे लागू नका. एक खुर्ची चोवीस तास भरायची तर रजा, सुट्ट्या धरून पाच तरी माणसं लागतात, ती तुम्हाला परवडणार नाहीत. मॉनिटरिंग बाहेर द्या, दोन-तीन बँका मिळून घेतलं तर अजून बरं. पण काही संशयास्पद दिसल्याचा अलर्ट आल्यावर निर्णय घेणारा माणूस मात्र बँकेचाच पाहिजे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा २०१८ चा सायबर हल्ला आठवा, एटीएमचे व्यवहार मंजूर करणारा जो स्विच असतो, तसा बनावट स्विच मधे बसवून शनिवारी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले आणि सोमवारी स्विफ्टने (परदेशी पैसे पाठवायची बँकांची यंत्रणा) हाँगकाँगला १३ कोटी ९२ लाख गेले, एकूण ९४ कोटींच्या वर. अशा वेळी शनिवारी दुपारी स्विच बंद करा म्हणायची हिंमत आणि अधिकार दोन्ही लागतात आणि ते बाहेरच्या व्हेंडरकडे नसतात. म्हणून बाहेरून शोधण्यापेक्षा तुमच्याकडे सीबीएस (बँकेची मुख्य खाते-प्रणाली), एटीएम आणि नेटवर्क बघणारी जी पोरं आहेत त्यांनाच तयार करा. बँकेत रोजचं नॉर्मल काय हे त्यांना माहिती असतं, आणि नवीन माणसाला शिकवायला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो.

लातूरचा_फ्रेशर
सर मला राहवत नाही म्हणून लिहितोय. बीसीए झालंय, वेबसाइट हॅकिंगच्या सरावासाठी पोर्टस्विगरच्या फुकट ऑनलाइन लॅब केल्या, घरच्या जुन्या पीसीवर वाझू हे लॉग तपासायचं फुकट सॉफ्टवेअर टाकून लॉग बघतो, तरी सगळीकडे दोन वर्षं अनुभव मागतात. एका जाहिरातीत तर ज्युनिअर पोस्टला सीआयएसएसपी हे सिक्युरिटीचं वरच्या पातळीचं सर्टिफिकेट मागितलं होतं, त्या सर्टिफिकेटलाच पाच वर्षांचा अनुभव लागतो! माणसं नाहीत म्हणता आणि पहिली नोकरी कुणी देत नाही, मग अनुभव आणायचा कुठून?

प्राध्यापक_एमपी
लातूरकर बरोबर बोलतोय. २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणात पाच वर्षांत पाच लाख माणसं तयार करायचं लिहिलं होतं, तेव्हापासून कोर्स भरपूर निघाले पण खऱ्या सिस्टीमवर हात बसायची सोय फार कमी. कॉलेजात आम्ही क्रिप्टोग्राफीचं, म्हणजे माहिती सांकेतिक करायचं, गणित शिकवतो आणि पोरांनी एकही खरा लॉग बघितलेला नसतो. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचा सिक्युरिटीचा डिप्लोमा चांगला आहे, पण तिथे जाणं प्रत्येकाला जमत नाही. माझं म्हणणं, बँकेने जवळच्या कॉलेजातली दोन पोरं सहा महिने स्टायपेंड देऊन घ्यावीत. ग्राहकांचा डेटा दाखवायची गरज नाही, सॉफ्टवेअरचे पॅच (दुरुस्तीचे अपडेट) कुठे टाकायचे राहिलेत, नोकरी सोडून गेलेल्यांचे युजर आयडी अजून चालू आहेत का, बॅकअप खरंच रिस्टोअर होतो का, एवढं तपासलं तरी बँकेचं मोठं काम होईल आणि पोरांना अनुभव मिळेल.

कृष्णाकाठ_आयटी
सर, हे पटलं. आतल्यांपैकी एटीएम बघणारा एक मुलगा डोळ्यासमोर आहे, त्याच्या हाताखाली एक फ्रेशर घेता येईल, बोर्डापुढे ठेवतो. पण संचालक विचारणार की शिकून पळाला तर? दोन वर्षांचा बॉंड घ्यावा का?

एसओसी_हिंजवडी
बॉंड नको. बॉंडवर थांबलेला माणूस रात्री अलर्ट बघायला उठत नाही. त्यापेक्षा सिक्युरिटी सर्टिफिकेटच्या परीक्षेची फी बँकेने भरा, पास झाला की लगेच पगार वाढवा, पुढच्या मार्चची वाट बघायला लावू नका. आणि ऑडिटचे कागद भरायचं काम त्याच्या गळ्यात घालू नका, चांगली पोरं त्यालाच कंटाळून जातात, हे मी स्वतःच्या टीममधे बघितलंय. तरी तीन वर्षांनी जाईल तो, ते धरूनच चाला आणि दुसरा आजपासूनच त्याच्या शेजारी बसवा.