क्षेत्रसभा गल्लीत घ्या आणि अंदाजपत्रकाच्या आधी घ्या. सोलापूरकरांनो, तुमचं मत काय?

बाळीवेसकर:
महापालिकेनं आणि आपण निवडून दिलेल्या नगरसेवकांनी क्षेत्रसभा सुरू कराव्यात, त्या गल्लीबोळात घ्याव्यात, आणि पुढचं अंदाजपत्रक ठरायच्या आधी घ्याव्यात. माझं म्हणणं एवढंच आहे.

शब्द नवा वाटत असेल त्यांच्यासाठी: खेड्यात ग्रामसभा, तशी शहरात क्षेत्रसभा. 2009 साली महानगरपालिकांच्या कायद्यात ही तरतूद आली. प्रभागातली काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र होतं, आणि त्या यादीत नाव असलेला प्रत्येक मतदार सभेचा सदस्य असतो. निमंत्रण लागत नाही, कुठल्या पक्षाचं असावं लागत नाही. अध्यक्ष नगरसेवक. निवडून आल्यापासून दोन वर्षांत किमान चार सभा घ्यायच्या, नाही घेतल्या तर पदावर गदा येऊ शकते. एवढं सगळं कागदावर असताना मी पन्नाशी ओलांडली, पण माझ्या दारी क्षेत्रसभेची एक चिठ्ठी आलेली नाही.

2022 च्या मार्चमध्ये जुन्या सभागृहाची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता. तेव्हा विचारायचं कुणाला, हाच प्रश्न होता. 2026 च्या 15 जानेवारीला, ऐन गड्डा यात्रेच्या दिवसांत आपण रांगा लावून मतदान केलं. आता 102 जण आहेत विचारायला. मग विचारायची जागाही हवी.

अंदाजपत्रकाच्या आधी का म्हणतो? कायद्यानं कराचे दर 20 फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात आणि 1 एप्रिलला नवं वर्ष लागतं. एप्रिलमध्ये कुणी नागरिकांना बोलावून अडचणी विचारल्या, तर तोवर पैसा वाटून झालेला असतो. आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढं जायच्या आधी, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, प्रत्येक क्षेत्रानं आपली तीन कामं क्रम लावून लिहून द्यायला हवीत. पुण्यात 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात, अर्ज भरून. मला अर्ज पुरेसा वाटत नाही. अर्ज भरणारा स्वतःच्या दारापुढचा दिवा मागतो. सभेत त्याच माणसाला चार घरं पलीकडचं तुंबलेलं ड्रेनेज ऐकावं लागतं, आणि मग कधीकधी तो म्हणतो, दिवा राहू द्या, आधी ते करा. हे मी आमच्या मंडळाच्या बैठकीत डोळ्यांनी पाहिलंय.

सभेचं इतिवृत्त लिहायचं आणि पुढच्या सभेची सुरुवात तेच वाचून करायची. कोणतं काम झालं, कोणतं राहिलं, का राहिलं. ही अट मी सोडणार नाही.

जुळे सोलापूर:
हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही. 2011 च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखांचं होतं. प्रभाग 26. म्हणजे सरासरी एका प्रभागात छत्तीस हजारांवर माणसं आणि बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक. चौघांपैकी सभा कुणी बोलवायची? एकानं बोलावली की दुसरा येणार नाही. चौघं आले तर व्यासपीठावर खुर्ची कुणाची मध्ये, यातच अर्धा तास जाईल. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं एका वॉर्डाचा एक नगरसेवक होता, आपल्याकडं ते राहिलेलं नाही.

दुसरं, आपल्या शहराची मोठी दुखणी गल्लीत सुटणारी नाहीत. उजनीहून 110 किलोमीटरची, 170 दशलक्ष लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी कोणत्या गल्लीच्या सभेनं आखायची? अशा कामाला अभियंते लागतात, निधी लागतो, मंत्रालयात पाठपुरावा लागतो. तीन तास बसून ठराव केला आणि तिजोरीत पैसा नसला, तर लोकांचा उरलासुरला विश्वासही जाईल. आधी करवसुली सुधारा. सभा नंतर.

शेलगीचा:
जुळे सोलापूरवाले साहेब, आमचं ऐका. 1992 ला हद्दवाढ झाली आणि आमचं गाव शहरात आलं. गाव होतं तेव्हा ग्रामसभा होती. आमचे वडील सांगतात, चावडीपुढं उभं राहून सरपंचाला तोंडावर विचारायचे, मुरमाचं बिल किती झालं म्हणून. शहरात आलो आणि आमची सभा गेली. त्या बदल्यात घरपट्टी आली. ड्रेनेज सगळीकडं अजून आलेलं नाही. गुंठेवारीच्या प्लॉटवर दोन पिढ्या राहिल्या, पावसाळ्यात अजून पायताण हातात घेऊन घरी यावं लागतं.

खेड्यातल्या माणसाला वर्षातून चार वेळा विचारायचा हक्क आणि त्याचंच गाव शहरात आलं की तोंड बंद, हे कसलं शहर? पैसा नाही तर नाही म्हणून सांगा, पण आमच्यापुढं उभं राहून सांगा. लै वर्षं वाट बघितली, 'नाही' ऐकायचीपण सवय हाय आम्हाला.

पुण्यात असतो, घर सोलापूर:
सभेला विरोध नाही, पण ती जुनी पद्धत झाली. मोबाईलवरून फोटोसकट तक्रार टाकली की क्रमांक मिळतो, तारीख मिळते, कुणाकडं गेली ते कळतं. सभेत बोललेलं हवेत जातं. माझे आईवडील सत्तरीच्या पुढचे आहेत, सात रस्त्याजवळ राहतात. रात्री आठला मंडपात जाऊन बसणं त्यांना जमणार नाही. मी मात्र पुण्यातून त्यांच्या वतीनं तक्रार करू शकतो. आमच्या वर्गातले निम्मे आज हिंजवडीत नाहीतर हडपसरला आहेत. सभा घेतली तर आमच्यासारख्यांचा आवाज कुठं?

बाळीवेसकर:
पुण्यातल्या भावा, तुझं म्हातारपणाचं म्हणणं खरं आहे, म्हणूनच मी गल्लीत म्हणतो. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहात सभा ठेवली तर तुझे वडील येणार नाहीत. कोपऱ्यावरच्या मारुतीपाशी ठेवली तर ते खुर्ची घेऊन येतील.

तक्रार क्रमांकाचा माझा अनुभव सांगतो. गटाराचं झाकण तुटलं होतं. मी तक्रार केली, चौथ्या दिवशी मोबाईलवर संदेश आला, तक्रार निकाली. झाकण तसंच. पुन्हा केली, पुन्हा निकाली. शेवटी आम्ही त्यावर बाभळीची काटेरी फांदी टाकली, रात्री कुणाचा पाय जाऊ नये म्हणून. त्या निकालीवर सही करणाऱ्याला चाळीस माणसांपुढं उभं राहायचं असतं, तर त्यानं आधी येऊन झाकण पाहिलं असतं. तक्रार एकट्याची असते, म्हणून ती एकट्यापुरती बंद करता येते.

पाणीपुरवठ्यातला, निवृत्त:
तीस वर्षं पाण्याच्या कामात घालवली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. माझा विरोध आहे आणि तो अनुभवातून आहे.

सोलापूरला पाणी तीन वाटांनी येतं. उजनीतून थेट वाहिनीनं पाकणीला, भीमेत सोडलेलं टाकळीहून सोरेगावला, आणि हिप्परग्याच्या तलावातलं भवानी पेठेला. तिथून टाक्या, टाक्यांतून भाग, आणि प्रत्येक भागाचा व्हॉल्व्ह, त्यालाच आम्ही चावी म्हणतो. वेशीपर्यंत कितीही पाणी आलं तरी पुरेशा टाक्या आणि नीट अंतर्गत वाहिन्या नसतील, तर ते नळाला पाळीनंच येणार. ही पाळी म्हणजे ताणलेली दोरी आहे. एका गल्लीची चावी वीस मिनिटं जास्त उघडी ठेवली की शेवटच्या टोकाच्या घरात नळ नुसता फुसफुसतो.

आता कल्पना करा, क्षेत्रसभेत दोनशे माणसं ओरडतायत, आम्हाला पाणी कमी येतं. नगरसेवक अध्यक्ष, पुढं मतदार. तो काय करणार? चावीवाल्याला फोन. चावीवाला कंत्राटावरचा, त्याला नोकरी टिकवायची आहे. तो चावी उघडी ठेवणार आणि टोकाच्या वस्तीत भांडी रिकामी राहणार. त्या वस्तीची सभा वेगळी, त्यांना कळणारसुद्धा नाही पाणी कुठं गेलं. जिथं वस्तू कमी असते तिथं मोठा आवाज असलेल्याला जास्त मिळतं. सभा त्या आवाजाला आणखी बळ देईल. वाटपाचा निर्णय नकाशा आणि दाब बघूनच व्हावा, टाळ्या बघून नाही.

नवी पेठ:
निवृत्त साहेबांनी नेमकं दुखणं सांगितलं. त्यात माझी भर: सदस्य फक्त मतदार. मग आमच्या भागातले भाडेकरू, दुकानात कामाला येणारी पोरं, ज्यांचं नाव गावच्या यादीत आहे, त्यांचं काय? कचरा त्यांच्याही दारात पडतो. शिवाय सभेला वेळ कुणाला असतो? कार्यकर्त्यांना. तेच येणार, तेच हात वर करणार.

बाळीवेसकर:
निवृत्त साहेब, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. पाण्याच्या पाळीबाबत मी चुकत होतो. एका क्षेत्राच्या सभेनं चावीची वेळ ठरवू नये, हे मान्य. तो विषय एकाच टाकीवरच्या सगळ्या भागांना एकत्र बसवूनच व्हायला हवा, आणि समोर नकाशा हवा.

पण मग तो नकाशा आणि वेळापत्रक लोकांपुढं का येत नाही? आज चावीवाल्यावर दबाव येतच नाही असं थोडंच आहे? तो येतो, फक्त फोनवर, एकट्यात. कोणत्या टाकीवर किती घरं आणि कुणाला किती वेळ, हे कापडी फलकावर लिहून सभेत लावलं, तर टोकाच्या घरातली बाई बोट ठेवून विचारेल, इथं पाऊण तास लिहिलंय, आम्हाला वीस मिनिटं का? तुमच्या दाबाच्या हिशेबाला त्या बाईइतका पक्का राखणदार मिळणार नाही.

पाणीपुरवठ्यातला, निवृत्त:
फलक लावायला माझी हरकत नाही. उलट आम्ही नोकरीत असताना हेच मागत होतो. सभेत वेळ बदलायची नाही, फक्त लिहिलेली वेळ पाळली का एवढंच तपासायचं, असं असेल तर मी माझा विरोध अर्धा मागं घेतो. उरलेला अर्धा राहू द्या. चार नगरसेवकांचा प्रश्न तुम्ही सोडवलेला नाही.

अशोक चौक, पूर्व भाग:
मी बाई आहे, विड्या वळते, पोरीकडून लिहून घेते आहे. इथं सगळे पुरुष बोलायले म्हणून लिहिते.

सकाळी कारखान्यात विड्या मोजून द्यायच्या, पान-तंबाखू घ्यायची, घरी येऊन परत वळायला बसायचं. दुपारी सभा ठेवली तर हजार विड्या कोण पुऱ्या करणार? नवरा यंत्रमागावर, त्याची पाळी रात्री आठला सुटते. आमच्या गल्लीत तेलुगू बोलतात, पलीकडं कन्नड, खालच्या अंगाला उर्दू. सासूला मराठी कळतं पण सभेत उभं राहून बोलता येत नाही. मागं एकदा एका बैठकीला गेले होते. साहेब बोलले, आम्ही माना हलवल्या, घरी आलो. सासू म्हणाली, काय ठरलं? मला सांगता येईना.

तरी सभा पाहिजे. मोबाईल पोराकडं असतो, आमच्याकडं नाही. तोंड तरी आमचं आमच्याकडं आहे. पण बोलणाऱ्यानं तेलुगूत बोललं तर तेलुगूत उत्तर द्या. आमच्या भागात तेलुगू येणारे नगरसेवक, शिपाई, आरोग्याच्या बाया आहेतच की.

आणि एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. पाणी सुटायच्या दिवशी सभा ठेवली तर एक बाई येणार नाही. तुम्ही म्हणाल महिन्याचा पहिला रविवार. आमच्याकडं चार दिवसांआड पाणी येतं, वार सरकत जातो. कधी रविवारी, कधी शुक्रवारी, कधी रात्री अकराला. मंडप टाकाल, माईक लावाल, आणि आम्ही नळापाशी बसू. मग लिहाल, महिलांचा प्रतिसाद नव्हता.

शेलगीचा:
अक्का बरोबर बोलल्या. आमच्याकडंपण असंच.

जुळे सोलापूर:
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या सोसायटीत खाली मोठी टाकी आहे, त्यामुळं पाणी कधी सुटलं ते आम्हाला कळतही नाही. माझं मत अजून तेच आहे की निधीशिवाय सभा पोकळ ठरेल. पण चौघा नगरसेवकांचं म्हणाल तर एक वाट दिसते. प्रभागातली क्षेत्रं चौघांत वाटून द्या आणि कुणाकडं कुठलं क्षेत्र ते जाहीर करा. मग कुणाची सभा झाली नाही ते आपोआप दिसेल. हे आयुक्तांना लेखी मागता येईल. अशा पत्रावर मी सही करीन, सभेला येईन की नाही ते आत्ता सांगत नाही.

बाळीवेसकर:
सही द्या, तेवढं पुरे आहे. पत्रात चार गोष्टी घालतो: क्षेत्रं चौघांत वाटून जाहीर करणं, डिसेंबरच्या आत पहिली सभा, टाकीनिहाय वेळापत्रकाचा फलक, आणि लोकांच्या भाषेत बोलणं. नवी पेठवाल्यांचा भाडेकरूंचा मुद्दा राहतो. मतदानाचा हात त्यांना कायद्यानं मिळणार नाही, पण बसायला आणि बोलायला कुणी अडवू नये, एवढं लिहितो.

सह्यांसाठी मी गल्लोगल्ली फिरायला तयार आहे. सुरुवात पूर्व भागातून करू. अक्का, तुमच्याकडं पाणी कधी सुटतं?

अशोक चौक, पूर्व भाग:
काल रात्री सुटलं, एक वाजेपर्यंत भरलं. आता चार दिवस मोकळे. उद्या नको, उद्या सगळ्यांचं धुणं असतं. परवा या, रात्री साडेआठला, पुरुष माणसं पाळीवरून आल्यावर. बायका मी गोळा करते. पत्र तुम्ही मराठीत आणा, तेलुगूत माझी पोरगी वाचून दाखवेल.