बीफ आणि भाज्यांचं चायनीज स्टर-फ्राय घरी: जाळ मोठा हवा की सुरी धारदार?

गवतीचहा

घरी बीफ-भाजीचं स्टर-फ्राय करायचं म्हटलं की पहिला सल्ला जाळाचा मिळतो. तुमच्या शेगडीला तेवढी आच नाही, हॉटेलात जाऊन खा. माझं ठाम मत उलट आहे. घरात हा पदार्थ बिघडतो तो मांस चुकीच्या दिशेने कापल्यामुळे, भाज्या ओल्या टाकल्यामुळे आणि सगळं एकदम कढईत लोटल्यामुळे. आचेचा नंबर त्यानंतर.

मी न्यू जर्सीत, विजेच्या शेगडीवर रांधते. मांस फ्लँक स्टेकचं घेते, कारण त्याचे धागे उघड्या डोळ्यांना दिसतात. अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवलं की ते जरा कडक होतं आणि तीन मिलिमीटरचे काप सुबक निघतात. काप धाग्यांना आडवे. उभे कापलेत तर पुढचं काहीही केलंत तरी चिवटपणा जात नाही.

अर्धा किलो मांसाला अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, दोन-तीन चमचे पाण्यात विरघळवून. पंधरा-वीस मिनिटांनी धुवायचं आणि कागदाने दाबून कोरडं करायचं. सोड्याने मांसाचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो, त्यामुळे प्रथिनं तापल्यावर एकमेकांना घट्ट आवळत नाहीत आणि पाणी आत राहतं. मग लाइट सोया सॉस, शाओशिंगची तांदळाची दारू, चिमूटभर साखर, पांढरी मिरपूड, कॉर्नफ्लोअर आणि शेवटी चमचाभर तेल.

कढई धुरावेपर्यंत तापवा. एका वेळी पाव किलोच्या वर मांस नको, तेही एका थरात, आणि अर्धा मिनिट त्याला हात लावू नका. जास्त घातलंत तर कढई थंडावते, मांसाला पाणी सुटतं आणि ते त्या पाण्यात उकडतं. लोक खापर फोडतात शेगडीवर. थोडं कच्चं असतानाच ताटलीत काढा. ब्रोकोली उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढून पूर्ण निथळलेली हवी. आलं, लसूण, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, मग ब्रोकोली, मग मांस परत, वर ऑयस्टर सॉस आणि कॉर्नफ्लोअरचं पाणी. एवढंच.

असहमत असाल तर कारणासकट लिहा.

कावलूनकर

साफ असहमत. कँटनी, म्हणजे दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोउकडच्या (जुनं नाव कँटन) स्वयंपाकात ज्याला ‘वोक हे’ म्हणतात तो वास, ती जळकट गोडी, तुमच्या पद्धतीत येणारच नाही. इथे हाँगकाँगच्या खानावळीतल्या भट्टीची ताकद घरच्या गॅसच्या जवळपास दहापट असते. आचारी कढई उसळवतो तेव्हा तेलाचे बारीक थेंब ज्वाळेत पेटतात, वाफ जागच्या जागी उडून जाते, आणि तो वास पदार्थात उतरतो. सुक्या परतलेल्या बीफच्या जाड नूडल्स, म्हणजे ‘गॉन चाऊ न्गाउ हो’, ही तर इथे आचाऱ्याची परीक्षाच मानतात. नूडल्स तुटायच्या नाहीत, ताटलीत तेल साचायचं नाही. ती परीक्षा विजेच्या शेगडीवर पास होऊन दाखवा. तुमचं बीफ मऊ होत असेल, चवीलाही छान असेल. पण मऊपणा हा स्टर-फ्रायचा अर्धाच भाग झाला.

गवतीचहा

कावलूनकर, तुम्ही खानावळीचा पदार्थ घराच्या तराजूत घालताय. चिनी घरांत रोज रात्री न्गाउ हो होत नाही. तिथे सेलरी-बीफ होतं, हिरव्या मिरच्या आणि बीफ होतं. हुनानमध्ये भरपूर मिरच्या आणि कोथिंबीर घालून गायीचं मांस झटपट परततात. हे पदार्थ घरच्याच गॅसवर होत आलेत. त्यांना कुणी अर्धं म्हणत नाही.

नोंदवही

ताई, इथे थोडं थांबा. चीनमधल्या घरगुती गॅस शेगड्यांचा एक-एक बर्नर सर्रास चार ते पाच किलोवॅटचा असतो. तुमच्या विजेच्या कॉइलची मोठी चकतीही बहुधा अडीचच्या आसपास. ‘घरचा गॅस’ म्हणून दोन्ही एका रांगेत बसत नाहीत. कावलूनकरांचा मुद्दा एवढ्याने मोडत नाही.

दुसरं, ‘अस्सल चिनी’ म्हणून बीफ-ब्रोकोलीची बाजू कुणी मांडू नये. चीनमध्ये बैल शेतीचा होता. तांग आणि सुंग काळच्या कायद्यांत नांगराचे बैल मारायला शिक्षा होती. रोजचं मांस डुकराचं. या पदार्थात ब्रोकोली तर अमेरिकेत आली. ग्वांगडोंगच्या ताइशान भागातून गेलेल्या लोकांना तिकडे गाय लान ही आपली हिरवी भाजी सहज मिळेना, म्हणून ब्रोकोली. पदार्थ चांगला आहे, मी आवडीने खातो. पण त्याचं घर अमेरिकेतच आहे, ग्वांगझोउत नाही.

गवतीचहा

नोंदवही, मग तर माझंच म्हणणं पुढे जातं. जो पदार्थ परमुलखात, मिळेल त्या भाजीवर उभा राहिला, त्याला खानावळीच्या भट्टीची अट का घालायची? कमी किलोवॅटवर उपाय आहे: बिडाची जड कढई. ती दहा मिनिटं तापू द्यायची. कार्बन स्टीलची पातळ कढई मोठ्या जाळावर उत्तम, कारण ती झटकन तापते. पण विजेच्या शेगडीवर ती तितक्याच झटकन थंड होते. बीड उष्णता धरून ठेवतं. नॉनस्टिक मात्र या कामाला वापरू नका, इतक्या तापमानाला त्याचा थर खराब होतो आणि धूर आरोग्याला वाईट.

वसईवाला

मी जाळाच्या वादात पडत नाही, सोड्याच्या वादात पडतो. आमच्याकडे म्हशीचं मांस मिळतं. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथल्या माणसाने बीफ म्हटलं तर ते म्हशीचं. ते गडद, कमी चरबीचं, धागा जाड. त्याला सोडा लावला की वरून बुळबुळीत लागतं आणि मागून साबणासारखी चव राहते. आमच्या घरी कच्ची पपई किसून लावतात. मांसाचा स्वाद तरी मरत नाही. गवतीचहा, तुमची कृती अमेरिकेतल्या फ्लँकसाठी आहे, ती जशीच्या तशी इकडच्या लोकांना सांगू नका.

गवतीचहा

वसईवाला, साबणाची चव येते ती सोडा जास्त झाल्यामुळे किंवा नीट न धुतल्यामुळे. पपईबद्दल माझा विरोध आहे. तिच्यातलं पपेन प्रथिनं तोडतच राहतं. मोठ्या तुकड्यांच्या रश्शाला ते चालतं. तीन मिलिमीटरच्या कापाला अर्ध्या तासात पिठूळ करून टाकतं, मग कढईत त्याचा लगदा. म्हशीच्या मांसासाठी मी काप आणखी पातळ करीन आणि पाठीकडचा मऊ भाग मागेन. मांडीचं मांस स्टर-फ्रायला नकोच, त्याचं सुकं करा.

वसईवाला

अर्धा तास कोण ठेवतं? दहा मिनिटं पपई, लगेच पुसून कढईत. आजीपासून तसंच चालत आलंय. पण पाठीकडच्या भागाबद्दल बरोबर आहात. सकाळी लवकर गेलं तरच मिळतं ते.

पातीचाकांदा

तुम्ही सगळे मंगळवारी संध्याकाळी सात वाजता कामावरून येऊन स्वयंपाक करता का? मांस वेगळं काढा, भाजी वेगळी उकळा, बीड दहा मिनिटं तापवा. मी शिमला मिरची, गाजर, फरसबी आणि मांस एकाच कढईत करते. पाणी सुटलं तर सुटलं, कॉर्नफ्लोअर लावून घट्ट होतं आणि मुलं भातावर ओतून खातात. मुंबईत आपण जे चायनीज खात मोठे झालो ते तसंच रश्शाचं होतं. आचारी नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये चिकन मंचुरियन काढलं, त्यालाही कुणी कँटनचा दाखला मागितला नाही.

गवतीचहा

दाखला मीही मागत नाही. पण तुमच्या कृतीला स्टर-फ्राय म्हणायला माझी हरकत आहे, ते चायनीज चवीचं कालवण झालं. मांसाचे काप आदल्या रात्री करून ठेवा, भाज्या धुऊन कपड्यावर पसरून ठेवा. संध्याकाळचं काम पंधरा मिनिटांत आटपतं. फरसबी आणि गाजराला लागणारा वेळ वेगळा, शिमला मिरचीचा वेगळा. एकत्र टाकलं की एक कच्चं राहतं आणि दुसरं गळतं. यात मंगळवार-रविवार असा फरक नाही.

कावलूनकर

एक मान्य करतो: आडवे काप आणि कोरडी भाजी याशिवाय माझी भट्टीही काही कामाची नाही. पण म्हणून जाळ दुय्यम ठरत नाही. अंगण असेल त्यांनी बाहेर ठेवायची मोठी गॅस शेगडी घ्यावी. ती फार महाग नसते आणि घरात धूरही होत नाही. एकदा त्यावर केलेलं खाल्लंत की चर्चा वेगळी होईल.

गवतीचहा

ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी जरूर घ्यावी. मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि इथे बाल्कनीत ज्वाळा लावायला मनाई आहे. माझ्यासारखे फ्लॅटमधले लोक अंगणवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि पहिली पोस्ट मी त्यांच्यासाठीच लिहिली. वसईवाला, पाठीकडच्या त्या भागाला तुमच्याकडचे खाटीक काय नाव देतात ते लिहा, इतरांना मागताना उपयोगी पडेल.