उत्तर: दादरचा फुकट पैशांचा प्रयोग

मंडळी, नमस्कार.
आपल्या परदेशातल्या मंडळातर्फे दादर पश्चिमेला फुलबाजाराच्या तोंडाशी टेबल टाकायचं, उघड्या डब्यात दहाच्या शंभर नोटा, पाटी ‘गरज असेल तेवढे घ्या’. कोण किती उचलतो त्याचा व्हिडिओ गणेशोत्सवात दाखवू. सूचना कळवा.
— चिटणीस

ताई,
व्हिडिओ आधी रद्द करा. कॅमेरा दिसला की लोक हात आखडतात. लपवला तर एखाद्या गरजूचा चेहरा व्हॉट्सॲपवर फिरतो.

मूळ अडचण वेगळीच आहे. पाच नोटा उचलणारा हावरा, की घरी पाच तोंडं असलेला हमाल, हे डबा सांगत नाही. म्हणून एकच गोष्ट बदला आणि फरक मोजा: एका मंगळवारी ‘घ्या’, पुढच्या मंगळवारी त्याच वेळी ‘घ्या किंवा घाला’. अर्थतज्ज्ञ जॉन लिस्ट यांच्या २००७च्या प्रयोगात हाती दिलेल्या पैशांतून अनोळखी जोडीदाराला नुसतं ‘देता का?’ विचारल्यावर बरेच जण थोडंफार देत होते. समोरच्याचे काढून घ्यायची मुभा मिळताच देणारे घटले. पाटीवर काय लिहिता, यावर पुष्कळ ठरतं.

डबा उघडा नको. तळ दिसला की पुढचा संकोचतो, भरलेला दिसला की मूठ मोठी होते. झाकणाला हात जाईल एवढंच भोक ठेवा, आणि प्रत्येक माणसानंतर आडोशाला नेऊन पुन्हा तेवढाच भरा. नोटा सुट्या ठेवल्या तर चिकटून दोन-दोन येतात. एका पाकिटात एक नोट. स्टेपल मारू नका, रिझर्व्ह बँकेला ते चालत नाही.

वेळ दुपारी दोन ते चार. सकाळी कोणी थांबलं नाही तर तो निर्लोभीपणा नव्हे, लोकलची घाई. पाटी वाचून काहीही न घेता गेलेले मात्र जरूर मोजा, त्यांना सगळेच विसरतात. आणि सरासरी काढू नका: एकाने अख्खा डबा रिकामा केला की सगळं दादर हावरं ठरतं. मध्यक घ्या, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येतो तो.

रीडर्स डायजेस्टच्या २०१३च्या चाचणीत मुंबईत मुद्दाम टाकलेल्या १२ पैशांच्या पाकिटांपैकी ९ परत आली, हेलसिंकीच्या (११) खालोखाल. ऐकायला छान, पण १२ पाकिटांवर शहराचा स्वभाव ठरत नाही. २०१९च्या अभ्यासात ४० देशांत १७ हजारांवर पाकिटं ‘सापडली’ म्हणून कार्यालयांच्या काउंटरवर दिली होती. बहुतेक देशांत रिकाम्यापेक्षा पैसे असलेली जास्त परतली.
— एक सभासद (सांख्यिकी)

मंडळाच्या परदेशी खात्यातून या प्रयोगासाठी मुंबईतल्या संस्थेला पैसे पाठवायचे तर तिची एफसीआरए (परकीय योगदानाचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच उतरते. भारतीय पासपोर्टवाल्या सभासदाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिले तर ते परकीय योगदान नाही. ओसीआय कार्डवाल्यांचं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांचं, मात्र धरलं जातं. फूटपाथसाठी पालिकेच्या जी-उत्तर कार्यालयात आधी विचारा. स्टेशनच्या हद्दीत टेबल नकोच.
— खजिनदार

व्हिडिओ रद्द. भारतीय पासपोर्टवाले कोण देणार, ते खजिनदारांना कळवा. दोन्ही पाट्यांचा मजकूर मराठी-हिंदीत रविवारपर्यंत हवाय, कोण लिहितं?
— चिटणीस